अडकलेल्यांचा विनोद

लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात ऑइल ड्रम लेन नावाची एक कल्पित गल्ली आहे. तिथल्या भंगाराच्या आवारातून हॅरॉल्ड घर सोडून निघालाय. वय चाळिशीकडे झुकलेलं. गाडीवर त्यानं आपलं सगळं किडूकमिडूक रचलंय, पण गाडी ओढणारा घोडा बापाचा, आणि बाप काही केल्या घोडा देत नाही. हॅरॉल्ड स्वतःलाच गाडीला जुंपून घेतो. जोर लावतो, पुन्हा लावतो. गाडी तसूभरही हलत नाही. शेवटी एवढा थोराड माणूस हमसून रडायला लागतो आणि म्हातारा बाप त्याला चुचकारत, समजावत घरात परत नेतो, चहा पाजायला.

रे गाल्टन आणि ॲलन सिम्प्सन या जोडीनं लिहिलेलं हे अर्ध्या तासाचं नाटुकलं, 'द ऑफर', १९६२ साली बीबीसीच्या 'कॉमेडी प्लेहाऊस'मध्ये दाखवलं गेलं. ते विनोदी म्हणून लिहिलेलं होतं आणि लोक खरोखरच हसले. त्यातूनच 'स्टेप्टो अँड सन' ही मालिका उभी राहिली. ब्रिटनमध्ये ती इतकी बघितली जाई, की १९६४च्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशीच तिचा भाग लागणार म्हटल्यावर मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन धास्तावले. आपले मतदार घरीच बसून राहतील या भीतीनं त्यांनी बीबीसीच्या प्रमुखांना गाठलं, आणि तो भाग मतदान संपण्याच्या वेळेपर्यंत पुढे ढकलला गेला. विल्सन निवडून आले, ते चारच जागांच्या बहुमतानं.

'द ऑफर'नंतर दहा वर्षांनी हेच बापलेक अमेरिकेत पोचले. ब्रिटिश विनोदी मालिका अमेरिकेत नव्यानं घडवल्या जातात तेव्हा नेमकं काय होतं, हा या पुस्तकाचा विषय आहे. मूळ कलाकृती श्रेष्ठ आणि नक्कल सुमार, असा निकाल या विषयावर फार सहज दिला जातो. इंग्रजांचा विनोद तल्लख आणि कडू, अमेरिकनांचा गोडमिट्ट आणि ढोबळ, हेही वाक्य हमखास ऐकू येतं. मला हे दोन्ही निकाल अपुरे वाटतात. चांगल्या विनोदी मालिकेच्या तळाशी कुठेतरी अडकलेला माणूस असतो. कुणी घरात, कुणी नोकरीत, कुणी लग्नात, तर कुणी आपल्याच डोक्यातल्या समजुतींत अडकलेला. संवाद उचलून नेता येतात, पात्रं उचलून नेता येतात, पण त्या माणसाला जखडून ठेवणारी गोष्ट नव्या देशात नव्यानं शोधावी लागते. ज्यांनी ती शोधली त्यांच्या मालिका चालल्या. ज्यांनी फक्त संवाद उचलले त्यांच्या काही आठवड्यांत गुंडाळल्या गेल्या. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला, पुलंनी 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली, आणि रूपांतर म्हणजे काय याची समज आपल्याला या नाटकांनी कधीच दिली आहे.

आता त्या भंगारवाल्यांकडे परत येऊ. नॉर्मन लिअर आणि बड यॉर्किन यांनी १४ जानेवारी १९७२ रोजी एनबीसीवर 'सॅनफर्ड अँड सन' सुरू केली. भंगाराचं आवार लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत आलं. जेमतेम साडेसहा वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९६५मध्ये, हीच वस्ती दंगलींत पेटली होती. बाप झाला रेड फॉक्स. नाइट क्लबांत आणि ध्वनिमुद्रिकांवर अतिशय चावट विनोद सांगणारा म्हणून त्याची ख्याती होती. त्याचं खरं नाव जॉन सॅनफर्ड. मालिकेतल्या बापाला त्यानं आपल्या सख्ख्या भावाचं नाव दिलं, फ्रेड. सुरुवातीचे बरेच भाग गाल्टन-सिम्प्सन यांच्याच पटकथांवर बेतलेले होते.

मग वेगळं काय झालं? माझं लक्ष पहिल्यांदा वाहनाकडे जातं. लंडनमध्ये घोडा होता, आणि घोडा बापाच्या मालकीचा. वॉट्समध्ये जुना पिकअप ट्रक आहे आणि तो चालवतो मुलगा, लॅमॉन्ट. त्यानं मनात आणलं तर सामान टाकून तो पाच मिनिटांत निघून जाऊ शकतो. त्याला कुणीच रोखलेलं नाही. तरी तो जात नाही, आणि याची कारणं हॅरॉल्डपेक्षा निराळी आहेत. हॅरॉल्ड इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेत रुतलाय. फेरीवर मिळालेल्या बाटल्यांतली उरलीसुरली दारू गोळा करून घरात बार थाटायचा, उच्चभ्रूंसारखं बोलायचा प्रयत्न करायचा, पुस्तकं वाचायची, आणि तोंड उघडलं की भंगारवाला म्हणून ओळखलं जायचं, हे त्याचं प्राक्तन. लॅमॉन्टला असल्या न्यूनगंडानं पछाडलेलं नाही. त्याच्यासाठी आवाराच्या फाटकापलीकडे गोऱ्यांची अमेरिका आहे, आणि त्या अमेरिकेत तिशीतल्या कृष्णवर्णीय तरुणाला स्वतःच्या मालकीचा धंदा, कितीही भंगार असला तरी, सोडून देणं शहाणपणाचं नाही. शिवाय तो बापावर उघड प्रेम करतो. हॅरॉल्डचा बाप आल्बर्ट स्टेप्टो मुलाला लबाडीनं आणि अपराधभावानं बांधून ठेवतो. फ्रेडही लबाडच आहे, छातीवर हात दाबून झटका आल्याचं सोंग करतो आणि वर बघत मेलेल्या बायकोला आपण येत असल्याचं कळवतो. पण हे सोंग लॅमॉन्टला ठाऊक आहे, आणि आपल्या मुलाला ते ठाऊक आहे हे फ्रेडलाही ठाऊक आहे. तो त्या दोघांमधला नेमाचा खेळ आहे.

या बदलाला काही समीक्षक सौम्यीकरण म्हणतात. मला ते पटत नाही. १९७२ साली अमेरिकेच्या घराघरांत एक गरीब कृष्णवर्णीय बाप आणि त्याचा मुलगा आठवड्याला अर्धा तास एकमेकांशी भांडत आणि एकमेकांना धरून राहत होते, आणि गोरे प्रेक्षक ते बघत होते. त्या काळात त्या देशात ही लहान गोष्ट नव्हती. १९९१ साली एका दुसऱ्या मालिकेच्या सेटवर रेड फॉक्सला खरोखरच हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा भोवतालच्या लोकांना तो नेहमीचं सोंगच करतोय असं वाटलं. त्यातच तो गेला.

लिअरची त्याआधीची मालिका जास्त गाजली आणि तिच्यावर वादही जास्त झाला. जॉनी स्पाइट यांनी १९६५-६६ साली 'टिल डेथ अस डू पार्ट'मध्ये आल्फ गार्नेट नावाचा माणूस उभा केला. पूर्व लंडनमधल्या वॉपिंगचा, गोदीतला कामगार, वेस्ट हॅमचा कट्टर पाठीराखा, राणीचा भक्त आणि हुजूर पक्षाचा मतदार. परदेशातून आलेल्या काळ्या-सावळ्या माणसांबद्दल तो तोंडाला येईल ते बोलतो. ही भूमिका करणारे वॉरन मिचेल स्वतः ज्यू होते आणि राजकीय मतांनी पुरते डावे. आल्फची गंमत आणि त्याचं दुःख एकच आहे. ज्या शिडीच्या तळाशी तो आयुष्यभर उभा आहे, त्याच शिडीची तो पूजा करतो. वरच्या पायरीवरच्यांना तो अस्तित्वातही वाटत नाही, आणि तो मात्र त्यांच्या वतीनं घसा फोडून भांडत असतो.

लिअरला या पात्रात स्वतःचे वडील दिसले. 'ऑल इन द फॅमिली'चा आर्ची बंकर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतो. त्याच्या वाट्याला राणी नाही, उमराव नाहीत, शिडी मात्र आहे. ती आपल्याच मालकीची आहे, या समजुतीत तो वाढला. आता त्याच शिडीवरून कृष्णवर्णीय, ज्यू, बायका असे सगळे वर चढताना त्याला दिसताहेत, आणि आपण तिथेच. आल्फचा राग परंपरेतून आलाय, तर आर्चीच्या रागाच्या मुळाशी भीती आहे. एबीसी वाहिनीनं या मालिकेचे दोन नमुना भाग करून घेतले आणि दोन्ही नाकारले. शेवटी सीबीएसनं १२ जानेवारी १९७१ रोजी ती दाखवली, तीसुद्धा आधी प्रेक्षकांसाठी एक खुलासा झळकवून. पुढे लागोपाठ पाच हंगाम ती अमेरिकेतली सर्वाधिक बघितली जाणारी मालिका होती.

या दोन मालिकांचं पुढे काय झालं, त्यात दोन्ही देशांचा स्वभाव उतरलाय असं मला वाटतं. आर्चीच्या शेजारी राहणाऱ्या कृष्णवर्णीय जेफरसन कुटुंबाचा कपडे ड्रायक्लीन करण्याचा धंदा फोफावला आणि १९७५ साली ते मॅनहॅटनच्या उंच इमारतीत राहायला गेले, स्वतःच्या स्वतंत्र मालिकेत. आर्चीनंही पुढे नोकरी सोडून बार विकत घेतला. आल्फ गार्नेट १९८५ साली 'इन सिकनेस अँड इन हेल्थ'मध्ये परतला तेव्हा तो निवृत्तिवेतनावर दिवस काढत होता आणि बायकोची चाकांची खुर्ची ढकलत होता. वीस वर्षांत त्याची एक पायरी वाढली नाही, उलट घसरण झाली.

एक प्रश्न दोन्हीकडे सारखाच उरला आणि तो मला आजही छळतो. लेखकांनी ज्याला हास्यास्पद ठरवायला घेतलं, त्यालाच काही प्रेक्षकांनी आपला माणूस मानलं. नील विडमार आणि मिल्टन रोकीच या संशोधकांनी १९७४ साली आर्चीच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांनी आर्चीचं कौतुक करण्याचा संभवही जास्त, असं त्यांना आढळलं. उपहास करणाऱ्या प्रत्येक लेखकानं हा अभ्यास वाचावा असं मला मनापासून वाटतं.

इथे थोडं यंत्रणेबद्दल बोलायला हवं, कारण पात्रांच्या स्वभावाइतकाच पैशाच्या व्यवहारानं या मालिकांना आकार दिलाय. बीबीसी परवाना शुल्कावर चालते, तिच्यावर जाहिराती नसतात, त्यामुळे अर्ध्या तासाची मालिका जवळपास पूर्ण अर्धा तास चालते. एखादा लेखक किंवा लेखकांची जोडी साधारण सहा भाग लिहिते, की झालं एक पर्व. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांवर जाहिराती वजा जाता बावीस-तेवीस मिनिटं हाती उरतात आणि पर्वात वीस-बावीस, कधी चोवीस भाग लागतात. एकट्यादुकट्याला ते झेपणारं नाही. म्हणून लेखकांची अख्खी खोली बसते. शिवाय खरा पैसा पुनःप्रक्षेपणात असतो. शंभरेक भाग झाले, की देशभरातली स्थानिक केंद्रं ती मालिका रोज दाखवायला विकत घेतात. म्हणजे सुरुवात करतानाच निर्मात्याच्या डोळ्यांसमोर शंभर भाग असतात. असह्य माणसाबरोबर सहा भाग काढता येतात. त्याच्याबरोबर शंभर भाग काढायचे तर त्याच्यात सोबत करण्याजोगं काहीतरी हवंच. अमेरिकन नायक मूळ नायकापेक्षा मवाळ का होतो, याचं निम्मं उत्तर राष्ट्रीय स्वभावात नाही, या हिशेबात आहे.

'फॉल्टी टॉवर्स' हे तर या हिशेबाच्या पार दुसऱ्या टोकाचं उदाहरण. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी १९७५ आणि १९७९ मध्ये मिळून बाराच भाग लिहिले. अमेरिकेनं त्याचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा हात पोळून घेतले. १९८३च्या 'अमांडाज'मध्ये तर बी आर्थर हॉटेलमालकीण झाली आणि मूळ हॉटेलमालक बेसिल फॉल्टी हे पात्रच उरलं नाही. याचं नवल वाटतं. अगदी पहिल्याच भागात बेसिल एका तोतया लॉर्डापुढे लोटांगण घालतो आणि साध्या बोलीतल्या पाहुण्याला झिडकारतो. तो साधा माणूस असतो गुप्त पोलीस. बेसिलला एकीकडून उच्चवर्गाची हाव आणि दुसरीकडून बायकोची दहशत, अशा दोन्ही बाजूंनी आवळून धरलंय. त्याचा संताप त्या दाबातून उसळतो. दोन्ही दाब काढून घेतले, तर हातात एक चिडकं हॉटेल उरतं. याउलट, एनबीसीनं २००३ साली स्टीव्हन मॉफट यांच्या 'कपलिंग'चे संवाद जवळपास जसेच्या तसे अमेरिकन नटांच्या तोंडी घातले. चार भागांनंतर ती मालिका बंद पडली.

'माइंड युवर लँग्वेज'ची गोष्ट आपल्याशी जवळून जोडलेली आहे. १९७७ सालच्या या मालिकेत लंडनमध्ये आलेले परदेशी लोक रात्रीच्या वर्गात इंग्रजी शिकतात आणि त्यांच्या चुकांवर हशा पिकतो. त्यांत पगडीवाला शीख आहे, साडीतली गृहिणी आहे, आणि हा विनोद त्यांची थट्टा करणारा आहे हे आज बघताना लपत नाही. अमेरिकेनं १९८६ साली याची 'व्हॉट अ कंट्री' केली तेव्हा तो वर्ग झाला नागरिकत्वाच्या परीक्षेचा. तिथे बसलेल्यांना नुसती भाषा शिकायची नाही, त्यांना त्या देशाचं व्हायचंय. आपल्याकडे १९९३ साली त्यावरूनच हिंदीत 'जबान संभालके' आली आणि पंकज कपूर वर्गासमोर उभे राहिले. एकच वर्ग तीन देशांत भरला आणि प्रत्येक ठिकाणी विद्यार्थ्यांची गरज निराळी निघाली.

पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण 'द ऑफिस'चं आहे, आणि ते तसं असणं मला आवश्यक वाटलं. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांची मूळ मालिका जुलै २००१ मध्ये बीबीसी टूवर सुरू झाली. स्लाव गावातली कागद विकणारी कंपनी. दोन पर्वं आणि नाताळचे दोन खास भाग धरून एकूण चौदा भाग. ग्रेग डॅनियल्स यांनी घडवलेली अमेरिकन मालिका एनबीसीवर २००५ ते २०१३ अशी नऊ पर्वं आणि २०१ भाग चालली. तिचं ठिकाण पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन, कोळशाच्या खाणी ओसरल्यावर मागे उरलेलं शहर. पहिला भाग मूळ पटकथेवरच केलेला, आणि तो बघताना अंगावर येतो तो उसना अवघडलेपणा. दुसऱ्या भागापासून अमेरिकन लेखकांनी स्वतःचा विषय घेतला, कार्यालयातलं वंशभेदाविषयीचं प्रशिक्षण, आणि मालिकेला श्वास मिळाला.

दोन प्रसंग शेजारी ठेवून बघावेत. स्लावमध्ये दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात विक्रेता टिम कॅमेऱ्यासमोर बोलता बोलता थांबतो, उठतो आणि मनातून आवडणाऱ्या सहकारी डॉनला घेऊन एका खोलीत जातो. जाताना तो अंगावरचा मायक्रोफोन काढतो. काचेपलीकडे दोघं दिसतात, आवाज मात्र येत नाही. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. तो परत येतो, माइक लावतो आणि तिनं नकार दिल्याचं एका ओळीत सांगून मोकळा होतो. स्क्रँटनमध्ये, २००६ च्या 'कसिनो नाइट' या भागात, टिम-डॉनच्या जागी असलेला जिम पॅमला पार्किंगमध्ये आपलं प्रेम सांगतो. आपल्याला शब्दन् शब्द ऐकू येतो. ती नकार देते. मग तो वर येतो आणि तिचं चुंबन घेतो. हा भाग अमेरिकन साहेबाची भूमिका करणाऱ्या स्टीव्ह करेल यांनी स्वतः लिहिला होता. टिमला बांधून ठेवलंय संकोचानं. आपण काही मागितलं हेच त्याला लाजिरवाणं वाटतं. जिमला बांधून ठेवलंय ते उद्याच्या भरवशानं, की काहीतरी घडेल. पहिला प्रसंग मला कलाकृती म्हणून अधिक मोठा वाटतो. दुसरा बघून डोळ्यांत पाणी येतं, आणि त्याबद्दल संकोच बाळगायचं मला कारण दिसत नाही.

साहेबाचंही असंच आहे. स्लावचा साहेब डेव्हिड ब्रेंट याची नोकरी जाते तेव्हा तो काढू नका म्हणून गयावया करतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचे सगळे मुखवटे एकदम गळून पडतात. स्क्रँटनचा साहेब मायकल स्कॉट याला दुसऱ्या पर्वात लेखकांनी एक वेगळीच देणगी दिली, कौशल्याची. एका भागात तो ग्राहकाला साध्याशा रेस्तराँमध्ये घेऊन जातो, वेळ घालवतो, गाणी म्हणतो, वरिष्ठ बाई वैतागतात, आणि शेवटी व्यवहार तोच जमवतो. हा माणूस साहेब म्हणून निकामी असला तरी विक्रेता म्हणून अस्सल आहे, हे कळल्यावर पुढची पाच पर्वं त्याच्याबरोबर राहता येतं. लेखकांच्या खोलीचा आणखी एक फायदा झाला. भारतीय वंशाच्या मिंडी केलिंग त्या खोलीत होत्या आणि पडद्यावरही, म्हणूनच २००६ साली 'दिवाळी' नावाचा भाग होऊ शकला. करेल २०११ मध्ये मालिका सोडून गेल्यानंतरची दोन पर्वं मात्र लांबण आहे. तिथे हिशेबानं कलेवर मात केली, आणि ते स्पष्ट लिहायला मी कचरलेलो नाही.

अलीकडच्या दोन उदाहरणांनी मला विशेष उमेद दिली. अर्मांडो इयानुची यांच्या 'द थिक ऑफ इट' या ब्रिटिश राजकारणावरच्या मालिकेचा थेट अमेरिकन नमुना भाग २००७ मध्ये झाला आणि तिथेच थांबला. पाच वर्षांनी त्यांनी स्वतःच 'व्हीप' उभी केली आणि मंत्र्याऐवजी अमेरिकेची उपराष्ट्राध्यक्ष घेतली, जिच्याकडे मान आहे पण काम नाही. दुसरं उदाहरण 'घोस्ट्स'चं. जुन्या वाड्यात निरनिराळ्या शतकांत मेलेल्यांची भुतं एकत्र अडकून पडलीत. बीबीसीच्या वाड्यात अश्मयुगीन माणूस आहे, शिरच्छेद झालेला ट्यूडर आहे, चेटकीण म्हणून जाळलेली खेडूत बाई आहे, कवी आहे, दुसऱ्या महायुद्धातला कॅप्टन आहे. सीबीएसच्या वाड्यात व्हायकिंग आहे, लेनापे या मूळनिवासी जमातीचा माणूस आहे, स्वातंत्र्ययुद्धातला अधिकारी आहे, दारूबंदीच्या काळातली जॅझ गायिका आहे. दोन्हीकडे एक भूत विजारीविना मेलेलं. इंग्लंडात तो खासदार होता, अमेरिकेत वॉल स्ट्रीटवरचा. कुणाची विजार उतरवली की देश हसेल, हे दोन्ही लेखकचमूंना अचूक कळलं होतं.

पुस्तकाच्या मर्यादेबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी. त्या काळी बीबीसीत चित्रफिती पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होती, आणि 'टिल डेथ अस डू पार्ट'चे कृष्णधवल काळातले बरेच भाग त्यात कायमचे गेले. अमेरिकेत पुनःप्रक्षेपणातून पैसा यायचा, म्हणून तिथल्या फिती जपल्या गेल्या, आणि आर्ची बंकर आज आपल्याला अख्खा भेटतो. त्याची खुर्चीसुद्धा १९७८ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे. आल्फ गार्नेट मात्र तुकड्यांत उरलाय. त्या प्रकरणात मी उरलेल्या भागांपलीकडे कुठलंही विधान केलेलं नाही. वाचकांनी 'ऑल इन द फॅमिली'कडे वळण्याआधी ते मोजके भाग मिळवून बघावेत, असा माझा आग्रह आहे. वॉरन मिचेल यांनी आल्फच्या अंगात जी धग भरली आहे, तिच्यापर्यंत पोचायला माझी पानं पुरेशी नाहीत.